विकलेला बोकड

मराठवाड्यातल्या आमच्या घरी आईच्या चार उस्मानाबादी शेळ्या होत्या, काळ्याभोर. गाभण राहिल्या की पाच महिन्यांनी व्यायच्या, बहुधा जुळी. त्यातला थोराड बोकड बकरी ईदच्या आधी बाजारात जाई. शाळेची फी, दुकानाची उधारी त्यातूनच भागे. मागे राही तो किरकोळ. तोच पुढे बहिणींना, मग स्वतःच्या लेकींनाही लागे. हळूहळू करडे अशक्त निपजू लागली, दगावू लागली. आई म्हणे, ‘नजर लागली.’ नजर कसली? रक्त तेच ते होते. एकट्या गरिबाला चांगला नर राखणे परवडत नाही. चार घरांनी मिळून एक राखावा, दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावाशी बदलावा. बियाणेच विकले, तर शेत पिकणार कसे?