आधी घराची तपासणी

लेखमाला : मुलांचं शहर – भाग सहावा

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात असलेल्या रॉचेस्टर शहरातल्या शाळा क्रमांक १७ चे मुख्याध्यापक राल्फ स्पेझियो यांना एक प्रश्न छळत होता. आपल्या शाळेत विशेष शिक्षणाची गरज असलेली मुलं इतकी का? एका जागी न बसणारी, अक्षरांशी झगडणारी, क्षणात चिडणारी मुलं वर्गावर्गांत होती. घरची गरिबी, पालकांच्या अडचणी ही नेहमीची उत्तरं त्यांना पुरेशी वाटेनात. न्यूयॉर्क राज्यात लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तपासणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, त्यामुळे नोंदी उपलब्ध होत्या. कोणीतरी त्या शाळेच्या पटाशेजारी ठेवून पाहायला हव्या होत्या, एवढंच. स्पेझियो यांच्या शाळेत ते झालं आणि समोर आलेला आकडा हादरवणारा होता. शाळेत येणाऱ्या मुलांपैकी ४१ टक्के मुलांच्या रक्तात कधी ना कधी शिशाचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलेलं होतं.

गेल्या भागात न्यूयॉर्क शहराच्या खिडक्यांना बसवलेल्या जाळ्यांची हकीकत आली. खिडकीतून पडणारं मूल सगळ्यांना दिसतं, बातमी होते, शहर हलतं. रॉचेस्टरचा धोका मात्र दिसणारा नव्हता. रक्तात शिसं असलेलं मूल खेळतं, जेवतं, झोपतं. ताप नाही, पुरळ नाही. पुढे पाच-सहा वर्षांनी वर्गात बाईंच्या लक्षात येतं की याला काही जमत नाही, आणि तोवर उशीर झालेला असतो.

ऑन्टारिओ सरोवराच्या काठचं हे शहर ईस्टमन कोडॅकचं गाव म्हणून जगाला माहीत आहे. २००० साली तिथली लोकसंख्या सुमारे दोन लाख वीस हजार होती आणि निम्म्याहून अधिक कुटुंबं भाड्याच्या घरांत राहत होती. कारखान्यांच्या भरभराटीच्या काळात कामगारांसाठी लाकडी दुमजली घरं उभी राहिली, रंगांचे थरांवर थर चढत गेले. नंतर नोकऱ्या आटल्या, पैसेवाले उपनगरांत गेले आणि जुन्या घरांची डागडुजी मागे पडली. त्या रंगांत शिसं होतं.

शिसं रंगात घालायला कारणं होती. पांढऱ्या शिशाच्या भुकटीने रंग दाट बसतो, लवकर वाळतो, पावसापाण्याला टिकतो. उत्तम रंग म्हणजे शिशाचा रंग अशीच ख्याती होती, म्हणून चांगल्या घरांतही तोच लागला. त्याच्या धोक्याची जाणीवही जुनीच आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ साली लिहून ठेवलं की मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचं मूळ व्हरांड्याच्या रंगवलेल्या कठड्यांत आणि खोल्यांच्या भिंतींत आहे. फ्रान्सने १९०९ साली इमारतींच्या रंगकामात पांढऱ्या शिशाविरुद्ध कायदा केला. अमेरिकेत बाल्टिमोर शहराने १९५१ साली घराच्या आत असा रंग लावण्यास बंदी घातली. देशभराची बंदी यायला मात्र १९७८ साल उजाडलं. मधल्या दशकांत शिसे उद्योगाची माणसं दोष झोपडपट्टीला आणि अडाणी आईबापांना देत राहिली. मूल रंगाचे पोपडे खातं, कारण आईचं लक्ष नसतं, असा त्यांचा सूर असे. या एका समजुतीने फार मोठं नुकसान केलं.

कारण पोपडे खाणारी मुलं असतात, पण खरा रस्ता धुळीचा आहे. रॉचेस्टरमध्येच १९९० च्या दशकात संशोधक ब्रूस लॅनफियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. एक-दोन वर्षांच्या मुलांची घरं निवडून त्यांनी जमिनीवरची, खिडकीच्या कठड्यावरची धूळ पुसून तपासली आणि मुलांच्या रक्ताशी ताडून पाहिली. अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या असतात. दर वेळी खिडकी उघडली की लाकडावर लाकूड घासतं, रंगाची भुकटी होते आणि खालच्या खाचेत साठते. वारा आला की ती जमिनीवर उतरते. तिथे बाळ रांगत असतं. त्याचे हात जमिनीवर, मग खेळण्यावर, मग तोंडात. आई कितीही दक्ष असली तरी ही साखळी तोडणं तिच्या एकटीच्या हातात नाही.

हे प्रमाण किती सूक्ष्म असतं ते पाहण्यासारखं आहे. संघीय सरकारने २००१ मध्ये जमिनीवरच्या धुळीसाठी मर्यादा ठरवली ती दर चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम शिशाची. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत सगळं मिळून ४ मिलिग्रॅम, साखरेच्या मोजक्या दाण्यांच्या वजनाइतकं. एवढं खोलीभर पसरलं की खोली धोक्याची. पुढे ही मर्यादाही फार सैल ठरली आणि खाली आणावी लागली.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं. वाढत्या वयात कॅल्शियमची भूक मोठी, त्यामुळे मोठ्या माणसाच्या मानाने लहान मूल पोटात गेलेल्या शिशाचा कितीतरी मोठा वाटा शोषून घेतं. ते हाडांत साठतं, मेंदूत पोचतं, जिथे पेशींचे एकमेकींशी दुवे जुळत असतात तिथे ढवळाढवळ करतं. संशोधक हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ साली शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतलं शिसं मोजलं. कुठलंही उघड लक्षण नसलेल्या मुलांतही, दातात शिसं जास्त तितकी बुद्ध्यंक चाचणीतली आणि वर्गातली कामगिरी कमी, असं त्यांना दिसलं. मग धोक्याची रेषा खाली सरकत गेली. १९६० च्या दशकात रक्ताच्या दर डेसिलिटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत डॉक्टर निश्चिंत असत. ही रेषा १९९१ मध्ये १० वर आली, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये साडेतीनवर. या घसरणीत रॉचेस्टरच्या मुलांचा वाटा आहे. तिथल्या १७२ मुलांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तातलं शिसं १ वरून १० पर्यंत वाढलं की बुद्ध्यंक सुमारे ७.४ गुणांनी घटतो, असं त्यात आढळलं. तेव्हा १० पर्यंतच्या मुलांना कोणी विषबाधित म्हणत नव्हतं.

औषधाने हे भरून निघत नाही. सक्सिमर नावाचं औषध रक्तातलं शिसं उतरवतं. चार शहरांतल्या ७८० मुलांवर त्याची रीतसर चाचणी झाली. २००१ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा रक्तातलं शिसं उतरलेलं होतं, पण मुलांच्या बौद्धिक चाचण्यांत काहीच फरक पडलेला नव्हता. एकदा झालेली हानी गोळीने परतवता येत नाही, हे त्या दिवसापासून स्पष्ट आहे.

आता जुनी पद्धत पाहा. मुलाच्या रक्तातलं शिसं २० च्या वर गेलं की आरोग्य खात्याचा माणूस घर तपासायला यायचा, घरमालकाला नोटीस जायची, दुरुस्ती व्हायची. म्हणजे घर विषारी आहे हे कळण्यासाठी आधी एका मुलाने ते विष अंगात घ्यायचं. दुरुस्ती झाल्यावर त्या घराचा फायदा झाला तर पुढच्या भाडेकरूच्या मुलाला. पिढ्यान् पिढ्या सरकारी यंत्रणा लेकरांचं रक्त घरं मोजायच्या उपकरणासारखं वापरत होती. हे चूक आहे, असं रॉचेस्टरमध्ये शिक्षकांनी, परिचारिकांनी, बालरोगतज्ज्ञांनी, वस्तीतल्या आईबापांनी एकत्र येऊन म्हटलं. २००० साली त्यांची आघाडी उभी राहिली, पाच वर्षं बैठका, सुनावण्या, मसुदे चालले आणि डिसेंबर २००५ मध्ये सिटी कौन्सिलने कायदा मंजूर केला. १ जुलै २००६ पासून तो लागू झाला.

कायद्याची खुबी अशी की त्यासाठी नवं खातं उभारलं नाही. भाड्याने द्यायच्या घराला शहराकडून ठरावीक वर्षांनी भोगवटा प्रमाणपत्राचं नूतनीकरण करून घ्यावं लागत होतंच. गळती, वायरिंग, जिने पाहायला निरीक्षक जातच होते. त्याच भेटीत १९७८ पूर्वीच्या घरांचा रंगही पाहायचा, असं ठरलं. कुठे पोपडे सुटलेत का, चौकटीला तडे आहेत का, बाहेर उघडी माती आहे का? जिथे विषबाधा झालेली मुलं सर्वाधिक सापडत होती त्या वस्त्यांत आणखी एक पायरी होती. डोळ्यांना घर ठीक दिसलं तरी ओल्या कापडाने ठरावीक मापाची जागा पुसायची आणि तो बोळा प्रयोगशाळेत पाठवायचा. नापास झालं तर प्रमाणपत्र नाही. रंग मुळापासून काढण्याची सक्ती मात्र नव्हती. निघालेला भाग नीट खरवडून, पुन्हा रंगवून, झाकून, धूळ स्वच्छ केली की चालत होतं. शिसं भिंतीत राहिलं तरी हवेत आणि जमिनीवर येणार नाही, इतकी हमी हवी होती. शिसं समूळ काढायला लागणारा पैसा कोणाकडेच नव्हता, त्यामुळे ही तडजोड शहाणपणाची होती.

घरमालकांनी विरोध केला. खर्च परवडणार नाही, लोक घरं टाकून जातील, भाडी भडकतील, असं ते म्हणत होते. ही भीती पोकळ म्हणून उडवून लावण्यासारखी नव्हती. रॉचेस्टरमध्ये घरांच्या किमती पडलेल्या होत्या आणि एक-दोन घरांवर गुजराण करणारे मालक अनेक होते. शहराने संघीय अनुदानातून दुरुस्तीला पैसे दिले. प्रत्यक्षात दहांतली नऊहून अधिक घरं पोपड्यांच्या पाहणीत उत्तीर्ण झाली. तपासणी येणार म्हटल्यावर अनेकांनी आधीच रंगकाम उरकलं असणार. घरभाड्याच्या बाजारात भाकीत केलेली उलथापालथ झाली नाही. आणि मुलांचं काय झालं? रॉचेस्टर ज्या मन्रो काउंटीत आहे तिथे तपासलेल्या मुलांपैकी १० च्या वर शिसं असलेली मुलं १९९७ मध्ये १३ टक्क्यांहून अधिक होती. २०११ मध्ये ती एक टक्क्याच्या आसपास उरली. न्यूयॉर्क शहर वगळून राहिलेल्या राज्याशी तुलना केली तर ही घट दुपटीहून अधिक वेगाने झाली. सगळं श्रेय एका कायद्याचं नाही; शिसं सगळीकडेच कमी होत होतं. पण वेगातला हा फरक कोणीतरी मुद्दाम हात घातल्याशिवाय येत नाही.

शहरातल्या विद्यापीठाने याच सुमारास एक साधं राहतं घर दाखवण्यासाठी मांडलं, ‘हेल्दी होम’ नावाने. लोकांनी यायचं आणि खोली-खोलीत काय पाहावं ते शिकून जायचं: खिडकीची खाच, भिंतीची ओल आणि बुरशी, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र, झुरळांवर फवाऱ्याऐवजी करायचे उपाय. कायदा मालकाला धाक घालतो, पण कशाबद्दल तक्रार करायची हे भाडेकरूला असंच कळतं.

त्रुटी आहेतच. स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना हा कायदा लागू नाही. दोन तपासण्यांच्या मधल्या वर्षांत रंग पुन्हा सुटू शकतो. आणि साडेतीनच्या नव्या रेषेने पाहिलं तर आजही तिथली कितीतरी मुलं अलीकडे नव्हे, पलीकडे आहेत.

आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तो डब्यातल्या नव्या रंगापुरता आहे. गिरगावच्या चाळीतल्या किंवा सदाशिव पेठेतल्या वाड्यातल्या दारा-खिडक्यांवर दर दोन-चार दिवाळ्यांनी चढलेल्या ऑइलपेंटच्या जुन्या थरांत काय आहे, याबद्दल तो काही म्हणत नाही. म्हणून दिवाळीआधी रंगारी बोलावताना एवढं सांगावं: जुना रंग कोरडा घासू नका, पाणी मारून पॉलिशपेपर चालवा, खाली प्लास्टिक अंथरा, ब्लोलॅम्पने जाळून रंग काढू नका. काम चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नकोत. नंतर झाडू नव्हे, ओलं फडकं, आणि ते टाकून द्यायचं. शंका असेल तर रक्तातल्या शिशाची तपासणी मोठ्या लॅबमध्ये होते.

रॉचेस्टरचा कायदा आता इतर शहरांचा नमुना झाला आहे. ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँडने २०१९ मध्ये भाड्याच्या जुन्या घरांना शिशापासून सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं आणि फिलाडेल्फियाने त्याच वर्षी आपला आधीचा कायदा बहुतेक सगळ्या भाड्याच्या घरांपर्यंत वाढवला. बॉस्टनने वेगळी वाट धरली. तिथे दम्याच्या मुलाला तपासणारा डॉक्टर घरात ओल किंवा उंदीर-झुरळांचा संशय आला की थेट शहराच्या घर-निरीक्षकाला कळवू शकतो. २००५ साली सुरू झालेल्या त्या व्यवस्थेबद्दल पुढच्या आठवड्यात.