मोठ्या आतड्याचा कर्करोग : आहाराविषयीचे समज आणि वस्तुस्थिती

मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोग बहुतेक वेळा आतड्याच्या अस्तरावर आलेल्या लहानशा गाठीतून, म्हणजे पॉलिपमधून, सुरू होतो. सगळेच पॉलिप बिघडत नाहीत आणि जे बिघडतात त्यांनाही साधारण दहा वर्षे लागतात. म्हणून कालपरवा काय खाल्ले याला फारसा अर्थ नाही. वर्षानुवर्षांच्या सवयी पाहाव्या लागतात.

तिखट-मसालेदार खाण्याने हा रोग होतो, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का समज. तिखटाने जळजळ होते, मूळव्याधीचा त्रास वाढू शकतो. पण या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही. बद्धकोष्ठतेचेही तसेच. रोज चूर्ण किंवा एनिमा घेऊन ‘पोट साफ’ ठेवले की कॅन्सर टळतो, याला पुरावा नाही.

चोथ्याची, म्हणजे फायबरची, गोष्ट जरा वेगळी. युगांडात काम केलेले आयरिश शल्यविशारद डेनिस बर्किट यांना तिथल्या ग्रामीण लोकांत हा रोग फार क्वचित दिसला. 1971 मध्ये त्यांनी त्याचा संबंध कोंड्यासह खाल्ल्या जाणाऱ्या भरड अन्नाशी जोडला. नंतरच्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, रोजच्या आहारात 10 ग्रॅम फायबर जास्त असलेल्यांमध्ये धोका सुमारे 10 टक्क्यांनी कमी आढळला. मोठ्या आतड्यातले जिवाणू फायबर आंबवतात, त्यातून ब्युटिरेट तयार होते आणि त्यावर अस्तराच्या पेशी पोसल्या जातात. मात्र पॉलिप काढलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष 2000 मध्ये आले तेव्हा, तीन-चार वर्षे कोंडा किंवा जास्त फायबरचा आहार देऊनही नवे पॉलिप यायचे थांबले नव्हते. तेव्हा डब्यातल्या फायबर पावडरीवर भिस्त ठेवू नये. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, मटकी, पालेभाज्या हे आयुष्यभराचे खाणे असेल तरच त्याचा उपयोग.

मांसाबद्दलचा गोंधळ 2015 पासून वाढला. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेले मांस तंबाखूच्याच गटात टाकले. पण हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा आहे ते नाही. रोज 50 ग्रॅम बेकन, सलामी किंवा सॉसेज खाल्ल्यास धोका 18 टक्क्यांनी वाढतो. अमेरिकेत आयुष्यभरात शंभरातल्या सुमारे चार जणांना हा कर्करोग होतो. तिथे ही वाढ म्हणजे चाराचे पावणेपाच. मीठ लावून, वाळवून टिकवलेले गोव्याचे चोरिसही याच प्रकारात मोडते. बोकडाचे मटण ‘लाल मांसा’त येते. त्याविषयीचा पुरावा तुलनेने कमकुवत आहे आणि आठवड्याला शिजवलेले 350 ते 500 ग्रॅम ही मर्यादा सुचवली जाते. रविवारच्या रश्श्याला घाबरण्याचे कारण नाही. चिकन आणि मासे या गटात नाहीत.

शाकाहारी माणूस सुरक्षित, हा समज जास्त घातक, कारण बाकीची कारणे त्याच्याही घरात असतात. दारू हे त्यातले ठळक कारण. दोष अल्कोहोलचा असल्याने बिअर आणि वाइनही सुटत नाहीत. सिगारेट-बिडीनेही धोका वाढतो. पोटाभोवती चरबी साठली की रक्तातले इन्सुलिन चढे राहते आणि पेशींच्या वाढीला चालना मिळते. नियमित चालणे, अंगमेहनत यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे मात्र भरभक्कम पुराव्याने दिसले आहे.

‘घराण्यात कुणाला नाही’ हा दिलासाही अपुराच. थेट आनुवंशिक दोषामुळे होणारे रुग्ण शंभरात पाचच्या आसपास असतात. जपानमधून हवाईला गेलेल्या कुटुंबांत एक-दोन पिढ्यांतच या रोगाचे प्रमाण अमेरिकनांइतके झाले. रक्त तेच, राहणीमान बदललेले.

आहाराविषयीच्या कोणत्याही समजापेक्षा जास्त नुकसान ‘रक्त पडते म्हणजे मूळव्याधच’ या समजुतीने होते. मूळव्याधीचा कर्करोग होत नाही, पण दोन्हींत रक्त पडते आणि मलम लावण्यात महिनोन्‌महिने जातात. शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल, कारण नसताना घटणारे वजन किंवा रक्तक्षय असेल, तर वय तिशीचे असले तरी तपासणी हवी. अमेरिकेत 2021 पासून लक्षणे नसलेल्यांनाही 45 व्या वर्षापासून तपासणी सुचवली जाते. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी किंवा त्या व्यक्तीचे निदान झाले त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी.