कुत्र्याला घेऊन ट्रेकला जाताय? एअरटॅग घ्यावा की जीपीएस ट्रॅकर, आणि बॅगेत बाकी काय हवं

दिवाळीच्या सुट्टीत फटाक्यांपासून लांब म्हणून राजमाचीला किंवा पवना धरणाच्या काठावर टेंट टाकायचा प्लॅन आहे, आणि यंदा घरातला कुत्राही सोबत येणार आहे. मग शॉपिंग ॲपवर ‘डॉग ट्रॅकर’ असं सर्च करून बघा. पाचशे रुपयांच्या टॅगपासून काही हजारांच्या कॉलरपर्यंत सगळं दिसेल, आणि जवळपास सगळ्यांवर ‘रिअल टाइम लोकेशन’ असं लिहिलेलं असेल. गंमत अशी की यातल्या बऱ्याच वस्तूंमध्ये जीपीएस नसतंच. शहरात त्याने फारसं बिघडत नाही. पण धुक्यात, नेटवर्क नसलेल्या वाटेवर कुत्रा माकडामागे पळाला तर याच फरकावर सगळं अवलंबून असतं.

टॅग म्हणजे जीपीएस नव्हे

ॲपलचा एअरटॅग किंवा अँड्रॉइडवर चालणारे तसे टॅग हे ब्लूटूथवर चालतात. टॅगला स्वतःचं लोकेशन माहीतच नसतं. तो फक्त ‘मी इथे आहे’ असा छोटा सिग्नल सोडत राहतो. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी फोनने तो पकडला, की तो फोन स्वतःचं लोकेशन इंटरनेटवरून पाठवतो, आणि तेच तुम्हाला नकाशावर दिसतं. म्हणजे कुत्र्याच्या आसपास अनोळखी माणूस हवा, त्याच्याकडे योग्य फोन हवा आणि त्या फोनला कधीतरी नेटवर्क मिळायला हवं. पुण्याच्या एफसी रोडवर हे तिन्ही सहज जुळतं. रानात नाही.

अँड्रॉइडवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी फार कमी जणांना ठाऊक असते. गुगलच्या फाइंड हब नेटवर्कमध्ये प्रायव्हसीसाठी मूळ सेटिंग ‘फक्त वर्दळीच्या ठिकाणी’ असं असतं. अनेक फोनना टॅग दिसला तरच लोकेशन कळतं. ट्रेकच्या वाटेवर एकटा-दुकटा माणूस कुत्र्याजवळून गेला तरी तुम्हाला काहीच समजणार नाही. हे सेटिंग बदलून ‘सगळीकडे’ करता येतं. पण खरी मेख अशी की ते तुमच्या फोनमध्ये बदलून भागत नाही, समोरून येणाऱ्याने त्याच्या फोनमध्ये बदललेलं असावं लागतं.

ॲपलने स्वतः एअरटॅग वस्तूंसाठी आहे, पाळीव प्राण्यांसाठी नाही, असं सांगितलेलं आहे. तरी लावायचाच असेल तर घट्ट बंद होणाऱ्या होल्डरमध्ये लावा. आतला बटण सेल कुत्र्याने गिळला तर अन्ननलिका भाजू शकते, अशा वेळी तडक डॉक्टर गाठावा लागतो.

आणि हो, डॉक्टरांनी कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप म्हणजेही ट्रॅकर नव्हे. तिला बॅटरी नसते. रीडर जवळ धरला की फक्त एक नंबर दिसतो, बस्स.

मग सिमवाला ट्रॅकर घ्यावा?

बजेट असेल तर हो, पण तो कसा चालतो ते समजून घेऊन. हा ट्रॅकर उपग्रहांकडून स्वतःचं लोकेशन खरोखर शोधतो. पुढे ते तुमच्या फोनपर्यंत पोचवायला मात्र त्याला मोबाइल नेटवर्क लागतं. म्हणजे निम्मं काम आकाशातून आणि निम्मं टॉवरवरून.

घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची, ट्रॅकर टूजी आहे की फोरजी? स्वस्तातले बरेच ट्रॅकर टूजीवर चालतात आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही. त्यात जिओचं सिम टाकलं तर तो घरातसुद्धा मुका राहील. दुसरी गोष्ट ॲपमधली. लोकेशनशेजारी ‘एलबीएस’ असं दिसलं तर ते उपग्रहाचं नाही, टॉवरवरून काढलेला अंदाज आहे. डोंगरात तो किलोमीटरच्या हिशेबात चुकू शकतो, त्यामुळे त्यावर विसंबून दरीत उतरू नका. तिसरी गोष्ट, नेटवर्क गेल्यावर ट्रॅकर मधले पॉइंट साठवून ठेवतो का. तसा असेल तर रेंज येताच कुत्रा कुठून कुठे गेला ते एकदम कळतं.

आपल्या सिमची रेंज कुठे आहे ते कंपनीच्या वेबसाइटवरच्या कव्हरेज मॅपमध्ये बघून ठेवा. साधारणपणे घाटमाथ्यावर रेंज येते आणि खाली दरीत उतरलं की जाते. पळालेला कुत्रा कोणत्या बाजूला जाईल हे मात्र आपण ठरवत नाही.

परदेशी यूट्यूबर वापरतात ते सॅटेलाइट मेसेंजर अमेरिकेतल्या दादाकडून मागवायचा विचार असेल तर थांबा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसं उपकरण बाळगणं बेकायदेशीर आहे. गोवा आणि दिल्ली विमानतळांवर परदेशी पर्यटकांवर याच कारणासाठी कारवाई झालेली आहे. तिकडच्या रेडिओ कॉलरचंही तसंच, त्यांच्या फ्रिक्वेन्सी इथे विनापरवाना चालत नाहीत.

नेटवर्क नसताना काय चालतं

साधी हार्नेस आणि पाच मीटरचा पट्टा. गळ्यातल्या कॉलरपेक्षा छातीवरून बसणारी हार्नेस चांगली, कारण घसरणीवर पट्टा ओढला गेला तरी मानेला हिसका बसत नाही. तिच्यावर गुरांच्या गळ्यात असते तशी छोटी घंटा बांधा. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नसतं तेव्हा घंटेचा आवाज कोणत्याही ॲपपेक्षा लवकर पोचतो, चार्जिंगही लागत नाही. अंधारासाठी एलईडी कॉलर घ्या.

तुमच्या फोनचं जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं, फक्त नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा. गुगल मॅप्समध्ये ऑफलाइन एरिया सेव्ह करता येतो, पण पायवाटांसाठी ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड जास्त उपयोगी पडतात. निघताना ट्रॅक रेकॉर्डिंग सुरू करा. कुत्रा शोधायला वाट सोडून गेलात तर परतीची वाट त्यावरच कळेल.

पॉवरबँकवर १०,००० एमएएच लिहिलेलं असलं तरी फोनपर्यंत साधारण ६,००० ते ६,५०० पोचतात. आतला सेल ३.७ व्होल्टचा असतो, तो ५ व्होल्टवर नेताना काही जातं आणि काही उष्णतेत जातं. चार माणसं आणि एक ट्रॅकर असेल तर दोन रात्रींसाठी २०,००० ची घ्या. हेडलॅम्पला २०० ते ३०० लुमेन पुष्कळ झाले. ‘१०,००० लुमेन’ लिहिलेल्या स्वस्त लॅम्पकडे बघूही नका. ट्रॅकरवर आयपी६७ हवं. त्यातल्या ७ चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोड्यांपुरतं, आणि कुत्रा तर ओढा दिसला की आत उतरणारच.

टेंट एक नंबर मोठा घ्या

चौघांच्या कुटुंबाला कुत्र्यासह सहा जणांचा टेंट लागतो. कारण कुत्र्याला रात्री बाहेर बांधायचं नाही, हे आधीच ठरवून टाका. जुन्नर, अकोले, मावळ हा बिबट्यांचा भाग आहे. अकोल्याकडच्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. बाहेर बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. २० किलोच्या कुत्र्याला घरी बसूनही दिवसाला लिटरभर लागतं, चढणीवर त्याहून जास्त. कातळ तापलाय का ते तळहात उलटा करून पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सहन झालं नाही तर त्याच्या पंजांनाही होणार नाही. गोचीड काढायचा चिमटा बारीक टोकाचा घ्या. रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसच्या लसींच्या तारखा निघण्याआधी बघून घ्या.

आणि जागा निवडताना एक लक्षात ठेवा, अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर हे सगळे त्यात येतात. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या तशाही कुत्र्याच्या कामाच्या नाहीत.

इतकं सगळं घेतल्यावर शे-दीडशे रुपयांची एक वस्तू राहू देऊ नका, ती म्हणजे हार्नेसवर लावायची कोरलेली पत्र्याची पट्टी. क्यूआर कोडवाली नको, तो उघडायला इंटरनेट लागतं. पट्टीवर मराठीत कुत्र्याचं नाव आणि दोन नंबर कोरून घ्या. दुसरा नंबर घरी थांबलेल्या आजीचा किंवा शेजाऱ्यांचा असू द्या, कारण गावातल्या कुणाला कुत्रा सापडून तो फोन लावेल तेव्हा तुम्ही अजून डोंगरातच, रेंजच्या बाहेर असाल.