न दिसणाऱ्या गुणांचा हिशेब

मराठीतला ‘गुण’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. परीक्षेत मिळतात ते गुण, खेळात होतात ते गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच. पहिले दोन मोजता येतात. तिसरे मोजायला गेलो की पंचाईत होते. मी कवितेचा माणूस, बी.ए.पर्यंत शिकलेला, संख्याशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. तरीही आज एका बास्केटबॉलपटूच्या आकड्यांबद्दल बोलावेसे वाटते, कारण हे तिन्ही गुण त्याच्या हिशेबात एकत्र येतात.

या खेळाडूचे नाव शेन बॅटिए. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत तो २००१ ते २०१४ या काळात खेळला. मी सांगणार आहे तो त्याचा २००८-०९चा हंगाम; संघ ह्यूस्टन रॉकेट्स. त्या वर्षी दुखापतीमुळे तो ८२पैकी ६० सामनेच खेळला. सामन्यामागे सुमारे ३४ मिनिटे मैदानावर राहिला आणि सरासरी ७.३ गुण, ४.८ रिबाउंड व २.३ असिस्ट एवढीच कमाई केली. रिबाउंड म्हणजे हुकलेल्या फेकीनंतर उडालेला चेंडू पकडणे आणि असिस्ट म्हणजे सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेला पास. एनबीएत हे आकडे अगदी सामान्य. लॉस एंजलिस लेकर्सचा कोबी ब्रायंट त्याच हंगामात सामन्यामागे जवळजवळ २७ गुण करत होता.

मग संघ या माणसाला ३४ मिनिटे मैदानावर का ठेवत होता? प्रश्न साधा नव्हता, कारण त्यात पैसा आणि प्रतिष्ठा गुंतलेली होती. २००६ साली ह्यूस्टनने रूडी गे हा तरुण खेळाडू आणि त्याच्यासोबत आणखी एक खेळाडू देऊन बॅटिएला घेतले होते. गे दुसऱ्याच हंगामात सामन्यामागे २० गुण करू लागला. वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या तक्त्यावरून न्याय करायचा, तर हा सौदा घाट्याचा होता.

बास्केटबॉलचा तो जुना तक्ता जेवढे हाताला लागते तेवढेच मोजतो. समजा, फेक हुकली. बॅटिएने प्रतिस्पर्ध्यातल्या उंच गड्याला अंगाने रेटून अडवून धरले आणि चेंडू त्याच्या सहकाऱ्याने आरामात घेतला. रिबाउंडची नोंद सहकाऱ्याच्या नावावर होते. अडवणाऱ्याच्या नावावर काहीच नाही. छापखान्यात वावरलेल्यांना हे लगेच कळेल. मुद्रितशोधकाने पकडलेल्या शंभर चुका वाचकाला कधीच दिसत नाहीत. त्याच्या नजरेतून निसटलेली एक तेवढी दिसते. बचाव करणाऱ्या खेळाडूचे नशीब असेच असते.

आता नवा हिशेब पाहू. पहिली पायरी नेमबाजीची. बास्केटबॉलमध्ये जवळून टाकलेल्या बास्केटला दोन गुण, तर लांबच्या कमानीबाहेरून टाकलेल्याला तीन. एकाने दोन गुणांच्या दहा फेकी केल्या, पाच साधल्या. यश ५० टक्के, गुण दहा. दुसऱ्याने तीन गुणांच्या दहा फेकी केल्या, चारच साधल्या. यश ४० टक्के, पण गुण बारा. म्हणजे नुसत्या टक्केवारीवर जाल तर फसाल. बॅटिए त्या हंगामात तीन गुणांच्या सुमारे ३८ टक्के फेकी साधत होता. म्हणजे त्याच्या अशा प्रत्येक फेकीचे मोल सरासरी १.१५ गुण पडले. शिवाय संघाचा चेंडू तो फारसा खर्च करत नसे. मैदानावरच्या पाच जणांत फेकींची समान वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला २० टक्के येतात. बॅटिएचा वाटा त्याच्या निम्म्याच्या आसपास होता. थोडेच बोलणारा, पण नेमके बोलणारा माणूस जसा असतो, तसे हे.

दुसरी पायरी बचावाची. इथे हिशेब प्रत्येक ‘ताब्या’चा असतो. चेंडू एका संघाच्या ताब्यात आला की फेक करायला त्याला २४ सेकंद मिळतात. त्या काळी असे साधारण नव्वद ताबे दर सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला येत, आणि एका ताब्यातून सरासरी एक गुणाहून जरा जास्त निघे. ब्रायंटसारख्याला पूर्ण रोखणे कुणालाच शक्य नव्हते. पण त्याला बास्केटजवळ जाऊ न देता लांबून, तीन गुणांच्या रेषेच्या जरा आतून, फेक करायला भाग पाडले तर? अशा दहातल्या चार फेकी साधल्या तरी गुण आठच. म्हणजे ताब्यामागे ०.८. कोणत्या खेळाडूला कुठून फेकायला लावायचे, याचे आकडे संघाकडून बॅटिएला सामन्याआधी मिळत, आणि तो ते मन लावून वाचत असे. फेकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हात धरायचा, उगाच चेंडूवर झडप घालायची नाही, फाउल करायचा नाही. ब्रायंटने तीस गुण केले आणि त्यासाठी तीस फेकी खर्च केल्या, तर टाळ्या ब्रायंटला आणि फायदा ह्यूस्टनला!

तिसरी पायरी सगळ्यांत रंजक, ‘प्लस-मायनस’ची. आपण त्याला ‘अधिक-उणे’ म्हणू. खेळाडू मैदानात उतरला तेव्हा गुणफलक ४०-४० होता आणि तो बाहेर आला तेव्हा ५६-५० झाला, तर त्याची नोंद अधिक सहा. त्याने स्वतः एकही गुण केलेला नसला तरी! हा आकडा माणसाने काय केले हे विचारत नाही. तो असताना काय घडले, एवढेच विचारतो. कव्वालीत मुख्य गायकाच्या मागे बसून टाळी आणि साथ देणारे असतात. त्यांची नावे तबकडीवर क्वचितच येतात. पण त्यातला एखादा उठून गेला तर मैफल कशी विस्कटते, ते ऐकणाऱ्याला बरोबर कळते.

पण अधिक-उणेत एक मोठी खोट आहे: सोबतीची. सोबत याव मिंगसारखा साडेसात फुटी सेंटर असेल तर कुणाचाही आकडा फुगेल. म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी त्याची सुधारित आवृत्ती काढली. डॅन रोझेनबॉम या अर्थतज्ज्ञाने २००४ साली ती मांडून दाखवली. शाळेत आपण दोन अज्ञातांची समीकरणे सोडवली. इथे अज्ञात शेकडो. एका हंगामात तीस संघांचे १२३० सामने होतात. मैदानावरच्या दहा जणांत जेव्हा जेव्हा बदल होतो, तेव्हा एक नवे समीकरण तयार होते. अशी हजारो समीकरणे संगणकाला सोडवायला द्यायची, म्हणजे सोबती आणि प्रतिस्पर्धी यांचा प्रभाव वजा करून एकेकाचा वाटा निघतो. ह्यूस्टनचा व्यवस्थापक डॅरिल मोरी हा संगणकशास्त्र शिकलेला गृहस्थ. त्याच्या संघाच्या हिशेबात बॅटिए एनबीएतल्या मोलाच्या खेळाडूंपैकी होता. फेब्रुवारी २००९मध्ये मायकल लुईस या लेखकाने ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मॅगझिनमध्ये त्याच्यावर दीर्घ लेख लिहिला, तेव्हा ही गोष्ट बाहेरच्या जगाला कळली. ८२पैकी ४१ सामने जिंकणाऱ्या मध्यम संघाला दर सामन्यात सहा गुणांची भर मिळाली, तर तो पंचावन्न-साठ विजयांपर्यंत पोहोचू शकतो. सहा हा आकडा लहान नाही, तो एवढ्यासाठी.

मात्र या आकड्यांनाही वेद मानण्याचे कारण नाही. दोन खेळाडू कायम एकत्रच खेळत असतील तर श्रेय कुणाचे, हे संगणकालाही सांगता येत नाही. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यात कोणती चाल कुणाची, हे आपण कुठे सांगू शकतो? एका हंगामाचा पुरावाही अनेकदा तोकडा पडतो. म्हणून २०१०मध्ये जो सिल याने हिशेबात आणखी सुधारणा सुचवली: पुरावा कमी असेल तिथे आकडा शून्याकडे ओढून धरायचा. मला ही रीत आवडली. थोड्या पुराव्यावर कुणाला डोक्यावर घेऊ नये, आणि पायदळी तर मुळीच तुडवू नये. बॅटिए आल्यावर ह्यूस्टनचे विजय ३४वरून ५२वर गेले हे खरे; पण त्याच काळात ट्रेसी मॅकग्रेडीसारखा मोठा खेळाडूही दुखापतीतून सावरून परतला होता. सगळे श्रेय एकाच्या पदरात घालणे अन्यायाचे ठरेल.

त्या २००८-०९च्या हंगामात ह्यूस्टनने ५३ सामने जिंकले. मॅकग्रेडी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे आधीच बाहेर गेला होता. मे महिन्यात बाद फेरीत गाठ पडली ती ब्रायंटच्या लेकर्सशी, आणि ऐन मालिकेत याव मिंगही पायाच्या दुखापतीने बसला. पुढचा सामना एकतर्फी होणार असे वाटत असताना ह्यूस्टनने तो ९९-८७ असा जिंकला. एरवी सात गुण करणाऱ्या बॅटिएने त्या दिवशी २३ केले. ती मालिका सातव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. तिथे ह्यूस्टन हरले आणि लेकर्स पुढे विजेते झाले. पुढे मायामी हीट संघाकडून बॅटिएने २०१२ आणि २०१३ अशी दोन विजेतेपदे पाहिली. २०१३च्या अखेरच्या निर्णायक सामन्यात त्याने तीन गुणांच्या सहा फेकी साधल्या. निवृत्तीनंतर २०१७मध्ये त्याच मायामी संघाने आकडेवारीच्या विभागाची जबाबदारी त्याच्यावर सोपवली.

मला या गोष्टीत खेळापेक्षा मोठे काही दिसते. कुणाला ठेवायचे, कुणाला काढायचे, कुणाला किती पगार द्यायचा, हे निर्णय अखेर कुठल्या तरी तक्त्यावरून होतात, मग ते कचेरीत असोत, शाळेत असोत की कारखान्यात. तक्त्यात जो रकाना नसतो, त्यातले काम करणारा माणूस फुकटा ठरतो. भांडण होण्याआधीच मिटवणारा, नव्याला हाताशी धरून शिकवणारा, दुसऱ्याची चूक बोभाटा न करता सावरणारा, यांचे रकाने कुठे असतात? बॅटिए तोच होता आणि त्याचा खेळही तोच होता. बदलली होती ती मोजायची रीत. म्हणून पुढच्या वेळी एखाद्याच्या नावापुढे शून्य दिसले, तर एवढेच विचारावे: हे शून्य त्या माणसाचे आहे, की आपल्या तक्त्याचे?