पहाटे दूरचं का ऐकू येतं?

फाल्गुन सरता सरता चिकलठाण्याच्या शिवारात सकाळी सहाला एकट्याने पाणंदीने चालून पाहा. गव्हाची सोंगणी उरकलेली, बांधावरच्या पिंपळाला तांबूस पालवी, चिटपाखरू नाही. तरी दूरच्या रेल्वेचा भोंगा, एमआयडीसीतली घरघर शेजारी असल्यासारखी ऐकू येते. दुपारी त्याच जागी ती विरते. दिवसा गोंगाट वाढतो हे खरं, पण ते अर्धंच कारण.

मराठवाड्यातल्या निरभ्र, कोरड्या रात्री जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडते. तिला टेकलेली हवा गार पडते, वरची उबदार राहते. दिवसाच्या नेमकं उलट. ध्वनीचा वेग तापमानावर ठरतो. अंशाला फरक सेकंदाला जेमतेम ०.६ मीटर! पण तेवढ्यानेही लहरीचा वरचा भाग पुढे धावतो, लहर जमिनीकडे वाकते आणि लांबवर पोचते. ऊन चढलं की थर उलटतात, आवाज वर वळून निसटतो.

सकाळची हवा शुद्धच असते, असं मानून फिरायला निघणाऱ्यांना पुढचं रुचणार नाही. वरच्या उबदार थराचं झाकण धूरही कोंडतं. कुणी पालापाचोळा पेटवला असेल, तर त्याचा धूर बराच वेळ पाणंदीवरच रेंगाळतो.