फुलपाखरी झडपांचे समकालन

मोटारगाडीच्या ज्या पेट्रोल एंजिनात हवेचा प्रवाह एकाहून अधिक थ्रॉटल झडपांनी नियंत्रित केलेला असतो, त्या एंजिनातील सर्व झडपा प्रत्येक स्थितीत सारखीच हवा आत सोडतील अशा रीतीने त्या जुळविण्याची क्रिया. थ्रॉटल झडप म्हणजे नळीत आडव्या आसावर बसविलेली धातूची वाटोळी ताटली होय. आसाच्या दोन्ही बाजूंना ती पंखांसारखी पसरलेली असल्यामुळे तिला फुलपाखरी झडप हे नाव पडले आहे. ॲक्सिलरेटर दाबला म्हणजे आस फिरतो, ताटलीच्या कडा नळीच्या भिंतीपासून दूर होतात व हवेला वाट मिळते.

सामान्य प्रवासी गाडीला पूर्वी एक कार्ब्युरेटर व एक थ्रॉटल झडप पुरत असे [→ कार्ब्युरेटर]. तथापि अशा रचनेत इंधनमिश्रणाला लांब व वळणावळणाच्या बहुशाखी नळातून जावे लागते आणि टोकाच्या सिलिंडरांना ते सारख्या प्रमाणात मिळतेच असे नाही. क्रीडा मोटारगाड्यांत उच्च गतीला सिलिंडर भरपूर भरणे महत्त्वाचे असल्याने अभिकल्पकांनी प्रत्येक सिलिंडरला किंवा सिलिंडरांच्या प्रत्येक जोडीला स्वतंत्र, आखूड व सरळ वाट दिली. १९६१ मध्ये पुढे आलेल्या जॅग्वार ई-टाइप गाडीच्या ३·८ लिटर एंजिनाला तीन एस्‌यू कार्ब्युरेटर होते. १९६२ च्या एम्‌जी-बी गाडीला दोन होते. आल्फा रोमेओच्या १९६३ च्या जूल्या स्प्रिंट जीटी गाडीत दोन आडवे जोड-नळीचे वेबर कार्ब्युरेटर, म्हणजे चार सिलिंडरांना चार झडपा होत्या. फेरारी २५० जीटीओ (१९६२) या गाडीच्या बारा सिलिंडरांना तर सहा वेबर कार्ब्युरेटरांतील बारा झडपा होत्या. भरपूर शक्तीच्या मोबदल्यात या सर्व एंजिनांनी एक नवी अडचण पत्करली : झडपा अनेक, पण हुकूम एकाच पायाचा.

या अडचणीचे स्वरूप थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. वेबरच्या ४० मिमी. व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ सु. १,२५७ चौ. मिमी. असते. बंद स्थितीत ताटली नळीला काटकोनात नसून सु. १२° कलती टेकते. तेथून ती १° उघडली, तर सु. ५ चौ. मिमी. वाट मोकळी होते. एंजिन मंद गतीने नुसते चालू राहण्यास प्रत्येक नळीला साधारण एवढीच वाट लागते. हे क्षेत्रफळ नळीच्या सु. १२५ मिमी. परिघावर पसरलेले असल्याने ताटलीच्या कडेशी असलेली सरासरी फट ०·०४ मिमी. भरते. साहजिकच दोन झडपांत १° चा फरक असेल, तर मंद गतीला एका सिलिंडरला दुसऱ्याच्या दुप्पट वाट मिळते. तीच ताटली ४५° कोनात आली असता खुली वाट सु. ३५० चौ. मिमी. असते आणि १° च्या चुकीने तीत ४ ते ५ टक्क्यांचाच फरक पडतो. पूर्ण उघड्या स्थितीत चूक जवळजवळ नाहीशी होते. शर्यतीत उत्तम धावणारी गाडी नाक्यावर थांबताच गचके का देऊ लागते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ज्या सिलिंडरला कमी हवा मिळते त्याच्या नळीत निर्वात अधिक होतो. अंतर्ग्रहण व निष्कास या दोन्ही झडपा काही काळ एकदमच उघड्या असतात. त्या वेळी जळालेले वायू मागे ओढले जाऊन ताज्या मिश्रणात मिसळतात व त्या सिलिंडरचे प्रज्वलन मधूनमधून चुकते. मग जास्त हवा घेणारा सिलिंडर बाकीच्यांना ओढत नेतो. एंजिन थरथरते व कार्ब्युरेटरातून फुसके बार निघतात. चालक यावर बहुधा मंद गतीचा स्क्रू आवळून गती वाढवतो. त्यामुळे लक्षण झाकले जाते, पण ताटल्या अधिक उघड्या राहतात. वेबरमध्ये ताटलीच्या कडेलगत संक्रमणाची बारीक छिद्रे असतात व ताटली उघडू लागली म्हणजे ती एकामागून एक खुली होऊन जादा इंधन पुरवितात. ती आधीच खुली झालेली असल्यास ॲक्सिलरेटर दाबताक्षणी देण्यास इंधन उरत नाही आणि एंजिन क्षणभर गुदमरते. येथे जेट बदलण्याचा मोह होतो. चांगले जेट टाकून दुसरे बसविणे, ते जमेना म्हणून तिसरे आणणे, यांत मालकाचे पैसे आणि एंजिनाचे आरोग्य दोन्ही खर्ची पडतात. मूळ दोष मात्र स्क्रूच्या पाव फेऱ्याचा असतो.

समकालनास हात घालण्यापूर्वी एंजिनाच्या झडपांमधील फटी, ठिणगीची वेळ, स्पर्शकांतील अंतर व सर्व सिलिंडरांचा संपीडन दाब तपासावा लागतो. बहुशाखी नळाच्या जोडातून हवा गळत असेल किंवा ताटलीचा आस झिजून भोकात खेळत असेल, तर पुढील सर्व श्रम वाया जातात. एंजिन पूर्ण तापलेले असावे, हा नियमही केवळ रूढीचा नाही. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. दोन कार्ब्युरेटरांमधील २० सेंमी. लांबीची पोलादी दांडी व तिच्याखालील ॲल्युमिनियमचा नळ ही दोन्ही ६०° से. ने तापली, तर त्यांच्या लांबीत सु. ०·१३ मिमी. फरक पडतो. दांडी २५ मिमी. लांबीच्या तरफेवर काम करीत असल्यास हा फरक ताटलीच्या सु. ०·३° इतका होतो. मंद गतीच्या हिशेबात तो मुळीच क्षुल्लक नाही.

प्रथम ॲक्सिलरेटरची दांडी सोडवितात, म्हणजे तिचा ताण झडपांवर येत नाही. दोन वेबर असल्यास त्यांचे आस जोडणाऱ्या तरफेतील स्क्रू फिरवून दोन्ही कार्ब्युरेटरांतील प्रवाह सारखा करतात, नंतर मंद गतीचा स्क्रू व शेवटी प्रत्येक नळीचा मिश्रणस्क्रू जुळवितात. एकाच वेबरमधील दोन्ही ताटल्या एका आसावर असल्याने त्यांच्यातील फरक या स्क्रूने जात नाही. नंतरच्या काही प्रकारांत त्यासाठी प्रत्येक नळीला उपमार्गाचा स्क्रू दिलेला आहे. त्याने हवा वाढविता येते, ताटलीतून जाणारी कमी करता येत नाही. म्हणून जास्त हवा घेणारी नळी प्रमाण मानून दुसरी तिच्या बरोबरीला आणतात. आसच पिळवटलेला असेल, तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

एस्‌यू कार्ब्युरेटरात हवेचा वेग स्थिर राखणारा दट्ट्या आपोआप वरखाली होतो. येथे दोन आसांना जोडणाऱ्या दांडीच्या पकडी ढिल्या करून प्रत्येक ताटली तिच्या स्वतःच्या स्क्रूने स्वतंत्रपणे जुळवितात व मग पकडी आवळतात. आवळताना दांडी व तरफ यांत ठरावीक सूक्ष्म फट ठेवावी लागते. ती विसरल्यास एक झडप पूर्ण मिटत नाही. मिश्रणाची परीक्षा दट्ट्या खालून सु. १ मिमी. उचलून करतात : गती किंचित वाढून पूर्ववत झाली तर मिश्रण योग्य, वाढतच राहिली तर इंधन जास्त व एंजिन बंद पडू लागले तर इंधन कमी, असे समजतात. मिश्रण बदलले म्हणजे गती बदलते, म्हणून ही दोन कामे दोनतीन वेळा आलटून पालटून करावी लागतात.

प्रवाह मोजण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे कान. रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्ब्युरेटरच्या मुखाशी धरून सुसकाऱ्याचा स्वर जुळविणारे मेकॅनिक एस्‌यूच्या बाबतीत आश्चर्यकारक अचूकता गाठतात. मुखावर टेकविण्याच्या मापकांपैकी एकात उभ्या काचनळीतील गोळी वर उचलली जाते, तर दुसऱ्यात दर ताशी किग्रॅ. या एककात हवा दाखविणारा काटा असतो. गोळीचे मापक स्वतःच हवेला अडवीत असल्याने ते फार वेळ धरून ठेवल्यास एंजिन मंदावते. पाऱ्याच्या स्तंभांनी सर्व नळ्यांतील निर्वात एकदम पाहता येतो, परंतु समान निर्वात म्हणजे समान प्रवाह असे नेहमी नसते. गळती असलेली नळी येथे हमखास फसविते. मंद गतीला जुळलेल्या झडपा दर मिनिटास २,५०० ते ३,००० फेऱ्यांना पुन्हा तपासतात. तेथे फरक आढळला, तर दोष बहुधा जोडदांड्यांच्या झिजलेल्या सांध्यांत असतो.

इंधन अंतःक्षेपणाने कार्ब्युरेटर गेला, तरी हे काम लगेच संपले नाही. १९६७ च्या ट्रायम्फ टीआर-५ गाडीत आणि १९७८ च्या बीएम्‌डब्ल्यू एम्‌-१ गाडीत यांत्रिक अंतःक्षेपण असूनही सहा सिलिंडरांना सहा फुलपाखरी झडपा होत्या. भारतात १९८० च्या दशकात बनलेल्या राजदूत ३५० या मोटारसायकलीच्या दोन कार्ब्युरेटरांत ताटलीऐवजी सरकत्या झडपा होत्या. त्यांच्या दोन केबली सारख्या ओढल्या जातील अशा जुळविताना मेकॅनिकला हीच कसरत करावी लागे. अनेक सिलिंडरांच्या मोटारसायकलींत आजही प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र फुलपाखरी झडप असते आणि नियमित देखभालीत त्या झडपांचे समकालन तपासले जाते.