शिक्षकाचा राजीनामा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

लातूर आणि नांदेडमध्ये शिकवणे हा मोठा रोजगार आहे. एकीकडे शाळा व कनिष्ठ महाविद्यालये, दुसरीकडे नीट-जेईईचे क्लास. शाळेतून क्लासमध्ये, एका क्लासमधून दुसऱ्यात, लातूरहून नांदेडला अशी शिक्षकांची ये-जा सतत चालते. नोकरी सोडण्याचे नियम मात्र बहुतेकांना ऐकूनच माहीत असतात, आणि चुकीच्या माहितीचा फटका सोडणाऱ्यालाच बसतो.

संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घातले की राजीनामा झाला, हा सर्वांत महागात पडणारा समज. खासगी शाळांना १९७७ चा महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. पोस्टाची पावतीही त्या प्रतीलाच टाचून ठेवावी. कोणाकडून दडपणाखाली राजीनामा लिहून घेतला जाऊ नये, यासाठी ही पद्धत आहे. नेमणुकीच्या दिवशीच बिनतारखेच्या कागदावर घेतलेली सही या कलमात बसत नाही. तिच्या धाकाने कोणी गप्प बसू नये.

महिनाभराची नोटीस सगळीकडे चालते, असेही समजले जाते. याच कायद्याखालच्या १९८१ च्या नियमावलीतील नियम ४० नुसार कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. एक महिना पुरतो तो कायम नसलेल्याला. मुदत कमी पडली तर तेवढ्या दिवसांचा पगार भरावा लागतो. शिवाय सुट्टीत नोटीस देता येत नाही, सुट्टीचे दिवस नोटिशीत धरता येत नाहीत आणि पहिल्या सत्राचा पहिला महिनाही नोटिशीला बंद असतो. जूनच्या मध्याला शाळा उघडली, की जुलैच्या मध्यानंतर दिलेली नोटीस दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडाशी जाऊन भिडते. म्हणून सोडण्याचा विचार उन्हाळ्यात पक्का झाला, तरी कागद कधी द्यायचा हे कॅलेंडर समोर ठेवूनच ठरवावे. हे नियम जाचक वाटतात, पण भर सत्रात शिक्षक गेला तर वर्ग उघडा पडतो, आणि ती झळ मुलांना लागते.

क्लासना हा कायदा लागू नाही. तिथे करार चालतो. ठरलेल्या मुदतीआधी न सोडण्याचा बाँड मोडला की कोर्ट पुन्हा त्याच क्लासमध्ये शिकवायला लावते, ही भीती निराधार आहे. व्यक्तिगत सेवेचा करार कोर्ट सक्तीने पाळायला लावत नाही. पैशांची गोष्ट वेगळी. बाँडमध्ये कितीही आकडा लिहिला असला, तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार भरपाई वाजवी तेवढीच मिळते. बाँड म्हणजे नुसता कागद, असे मानणेही चूकच. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास कर्मचाऱ्याने दोन लाख रुपये भरण्याची विजया बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली.

‘इथून गेलात तर शहरात दुसरीकडे शिकवता येणार नाही’ या अटीने मात्र पुष्कळ जण विनाकारण अडकून पडतात. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे निरर्थक आहे. नोकरी चालू असताना शेजारच्या क्लासमध्ये शिकवण्याला केलेली मनाई चालते. क्लासची प्रश्नपेढी आणि विद्यार्थ्यांचे फोन नंबर सोबत नेण्याचा हक्कही कोणाला मिळत नाही.

राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडते, हाही गैरसमजच. पाच वर्षे सलग सेवा झाली असेल, तर राजीनामा देऊनही ती मिळते. खासगी शाळांतील शिक्षकांना हा हक्क ग्रॅच्युइटी कायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीने ३ एप्रिल १९९७ पासून मिळाला आहे. थकलेल्या पगारासाठीही महिनोन्महिने खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचे वेतन कामाच्या दोन दिवसांत चुकते करावे लागते.